पोर तो बॉल धरणार होतं का?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवाच वाचला. उत्तर अंगठ्याने टाइप करण्याजोगं नव्हतं, म्हणून दुपारची झोप मोडून वही उघडली आहे. तू विचारतेस, "सर, बेसबॉलचे नियम एकच ना? मग मोठ्यांच्या मॅचला अंपायर म्हणून 'इनफिल्ड फ्लाय'चा जो कॉल देता, तो पोरांच्या मॅचला का देत नाही? हा पक्षपात नव्हे?" प्रश्न नेमका माझ्या दुखऱ्या जागी लागला आहे.

आधी सोपं तेवढं उरकतो. नियम मुळात एकच नाहीत. तू सॉफ्टबॉल खेळलीस. तिथे दोन बेसमध्ये ६० फूट, आणि पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या पोरांनाही बेस ६० फुटांवरच, पिचर ४६ फुटांवर. पण तिथे बॉल बॅटरपर्यंत पोचेतो रनरने जागेवर राहायचं. मोठ्यांत बेस ९० फूट, पिचर ६० फूट ६ इंच, आणि रनर आधीच चार पावलं पुढे सरकून पिचरला डिवचत उभा. लिटल लीगला ६ इनिंग, तिकडच्या हायस्कूलला ७, मोठ्यांना ९. बॉकचंही, म्हणजे पिचरने रनरला फसवायला केलेल्या बेकायदा हालचालीचंही, तेच. हायस्कूलच्या नियमांत बॉक झाला की खेळ तिथल्या तिथे थांबतो. प्रोफेशनल नियमांत चालू राहतो आणि पुढे काय घडलं ते बघून निकाल लागतो. दोन्हीकडे उभ्या राहणाऱ्या अंपायरचा हात सवयीने वर जातो आणि घात होतो. यावर पाठांतराशिवाय इलाज नाही. आदल्या रात्री त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाच. सकाळी अंतरं टेपने मोज, पावलांनी नको. फक्की मारणाऱ्याचं पाऊल केवढं होतं, ते तुला ठाऊक नसतं.

आता खरं दुखणं.

पुष्कळ वर्षं झाली. गोव्यात डिचोलीच्या बाजूला बारा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, तांबडी माती बुटांना चिकटून बूट किलो-किलोचे झालेले. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, एकही आउट नाही. बॅटरने बॉल उभा आभाळात मारला, शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, बरोबर डोक्यावर. मी नुकताच नियम घोटून आलेला. हात वर, आवाज मोठा: "इनफिल्ड फ्लाय! बॅटर आउट!" आणि शॉर्टस्टॉपच्या त्या पोराने काय केलं असेल? दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसलं. बॉल त्याच्या मागे चिखलात रुतला. बॅटर आउट, कारण नियम म्हणतो झेल होवो न होवो, आउट. बॅटर होम प्लेटपाशी रडायला लागला. कुंपणापलीकडून कोणी ओरडलं, "अंपायरा, दोळे खंय दवरले रे?" (डोळे कुठे ठेवलेस?) ते मी ऐकून सोडून दिलं, ते रोजचंच. पण बॅटिंग टीमचे वयस्कर मास्तर हळूहळू चालत आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, ते पोर तो बॉल धरणार होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

हा नियम कशासाठी आहे, आठव. उंच बॉल झेलला जाणार म्हणून रनर आपापल्या बेसला चिकटून असतात. लबाड इनफिल्डर, म्हणजे बेसांजवळचा फील्डर, तो मुद्दाम पाडील आणि अडकलेल्या दोघांना आउट करील. ही लबाडी मोडायला १८९५ मध्ये हा नियम आला. पण मुद्दाम पाडायला आधी बॉल धरता यायला हवा! डोकं झाकून बसलेलं पोर कसली लबाडी करणार? ज्या चोरीसाठी मी कुलूप लावलं, ती चोरी त्या मैदानावर होणारच नव्हती.

घरी येऊन पुस्तक पुन्हा काढलं. नियम म्हणतो, इनफिल्डरला 'साधारण प्रयत्नात' झेलता येईल असा बॉल. हे शब्द मी शंभरदा वाचले होते. शेवटी दिलेली त्यांची व्याख्या मात्र कधी उघडली नव्हती. साधारण प्रयत्न म्हणजे त्या लीगमधल्या, त्या जागी खेळणाऱ्या मध्यम कुवतीच्या खेळाडूकडून अपेक्षित असलेला प्रयत्न, आणि तोही मैदानाची व हवेची स्थिती ध्यानात घेऊन. बघ, स्तर नियमातच लिहिलेला आहे. चिखलसुद्धा लिहिलेला आहे. मी नियम कडक लावला नव्हता, अर्धाच वाचला होता.

याचं दुसरं टोकही बघ. ५ ऑक्टोबर २०१२, अटलांटा, अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या मेजर लीगची मॅच, ब्रेव्ह्ज विरुद्ध कार्डिनल्स, हरेल तो घरी. आठव्या इनिंगमध्ये ब्रेव्ह्जच्या बॅटरचा उंच बॉल डाव्या आउटफिल्डमध्ये, बेसांच्या पलीकडे चांगलाच लांब गेला. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप मागे पळत त्याच्या खाली पोचला आणि ऐनवेळी बाजूला झाला. बॉल पडला. पण अंपायर सॅम होलब्रूक यांनी इनफिल्ड फ्लाय दिलेला होता. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटं थांबला. हात उशिरा वर गेला ही लोकांची तक्रार मलाही पटते. पण एवढ्या लांब इनफिल्ड फ्लाय कसला, ही पटत नाही. मेजर लीगच्या शॉर्टस्टॉपला तो झेल साधारणच. आपल्या पोरांना पिचरच्या पायाशी पडणाराही साधारण नाही. पुस्तकातली ओळ एकच, पण मैदान बदललं की ती कुठवर पोचते ते बदलतं.

म्हणून मॅचआधी दोन्ही टीम सराव करतात तेव्हा सावलीत बसून लिंबूसोडा पिऊ नकोस. कोण किती धरतो, कोणाचा थ्रो बेसपर्यंत पोचतो, हे बघ. दहा मिनिटांत तुला त्या दिवसाचं 'साधारण' कळतं.

पहिल्या बेसवर तर स्तर कानाला कळतो. मोठ्यांच्या मॅचला नजर बेसवर ठेवायची, रनरचा पाय बघायचा आणि बॉल ग्लव्हमध्ये आदळल्याचा आवाज ऐकायचा. आधी काय आलं, पाय की आवाज, त्यावर निकाल. पोरांच्या मॅचला हा कान दगा देतो. थ्रो मऊ, टप्पा घेऊन येणारा, ग्लव्ह जुना, आवाज येतच नाही. तिथे मान वळवून बघावंच लागतं. आणि बॉल ग्लव्हमध्ये गेला म्हणून लगेच "आउट" म्हणू नकोस; पुढच्या क्षणी तो बाहेर येतो. मनात एक आकडा मोज, मग हात उचल.

स्ट्राइकबद्दल लोक तुला सांगतील, लहान पोरांना झोन, म्हणजे बॉल स्ट्राइक ठरायची प्लेटवरची कल्पित चौकट, 'मोठा' द्यावा. मला हा सल्ला अर्धाच आवडतो. प्लेट १७ इंच रुंद, आणि बॉलची कड जरी झोनला चाटून गेली तरी तो स्ट्राइकच. बॉल सुमारे तीन इंचांचा, म्हणजे नियमानेच तुला दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक बॉलची रुंदी मिळते. तेवढी पुरी दे. पोरांचा बॉल सावकाश येतो, आपल्याला शंका घ्यायला वेळ मिळतो, आणि आपण ती कड पिचरकडून काढून घेतो. उंचीत मात्र उदार होऊ नकोस. डोक्यावरून जाणाऱ्या बॉलला स्ट्राइक म्हटलंस तर पोर उद्यापासून त्यालाही बॅट मारायला जाईल.

दया आली तरी मोजणीला हात लावायचा नाही. तीन स्ट्राइक म्हणजे तीन, बॅटर आउट. एकदा एक चिमुरडा हुंदके देत होता म्हणून मी तिसरा स्ट्राइक गिळला, तर समोरचा पिचर, तोही तेवढाच, माझ्याकडे बघतच राहिला. ती नजर अजून विसरलो नाही.

सॉफ्टबॉलमधून आलीस म्हणून कमीपणा वाटतो असं लिहिलंयस. जेन पावोल हे नाव शोध. त्या कॉलेज सॉफ्टबॉलला अंपायरिंग करायच्या, २०१६ मध्ये मेजरच्या खालच्या मायनर लीगमध्ये आल्या, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी मेजर लीगच्या नियमित सामन्यात उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला अंपायर झाल्या. तेही अटलांटातच.

रविवारी साडेसातला मैदानावर ये. प्लेटमागे मी असेन, बेस तुझे. दोघांत सगळं भागवायचंय. मेजर लीगला चौघे असतात. रनर बेसवर आले की तू पिचरच्या मागे आत सरकायचं, हे विसरू नकोस. टेप तू आण, माझी गंजली. मोजणीचा क्लिकर मी देतो, पण त्याचं 'आउट'चं चाक अडकतं, जरा जोरात फिरव.

तुझे,
सर