नऊच्या भाषणाला बसू की झोपू?

प्रश्न : दोन वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतोय. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ करायचे, त्या पद्धतीच्या) कॉन्फरन्सला जायचं आहे. पहिल्या दिवशी आठला नोंदणी, नऊला बीजभाषण आणि साडेदहाला तीन दालनांत वेगवेगळी सत्रं. आमचे टीम लीड म्हणतात, बीजभाषणात कोडची एक ओळ नसते, तेवढी झोप काढ. ऐकू का? आणि सगळे माझ्याहून हुशार असणार, त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

उत्तर : झोप आदल्या रात्री काढा. तुमच्या टीम लीडचाच सल्ला मी माझ्या पहिल्या कॉन्फरन्सला स्वतःच स्वतःला दिला होता आणि दहा वाजता ताजीतवानी होऊन पोचले. मग दिवसभर ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, ‘सकाळी ते म्हणाले ना, तसं.’ मी मान डोलावत राहिले. जेवणाच्या टेबलावर एका गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्हाला पटलं का?’ मी म्हटलं, ‘हो, अगदी.’ ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘मला मुळीच नाही. सांगा बरं, काय पटलं?’ पुढची दहा मिनिटं मी कशी काढली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाषणात कोड नसतो हे मात्र खरं. पण रोज कोडमध्ये वापरतो त्या काही गोष्टी अशाच व्यासपीठांवरून आल्यात. ऊप्स्ला ही या विषयाची नावाजलेली कॉन्फरन्स १९८६ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी तिथे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव यांचं बीजभाषण झालं. उपप्रकार कशाला म्हणावं, याची त्यांनी मांडलेली कसोटी आज ‘लिस्कोव सबस्टिट्यूशन’ नावाने नोकरीच्या मुलाखतीत विचारतात. व्याख्या घोकण्यापेक्षा हे करून बघा. शाळेत शिकलो की प्रत्येक चौरस हा आयतच असतो. म्हणून ‘आयत’ क्लासवरून (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) ‘चौरस’ काढला. चौरसाच्या बाजू सारख्या राहायला हव्यात, म्हणून रुंदी बदलली की उंचीही बदलेल अशी सोय केली, आणि उंची बदलली की रुंदीही. आता एक जुनं फंक्शन आयत घेतं, रुंदी ५ करतं, उंची ४ करतं आणि क्षेत्रफळ २० येईल असं धरून चालतं. त्याच्या हातात चौरस दिला तर उत्तर येतं १६. कोड तपासणारा कंपायलर गप्प, भूमिती बरोबर, आणि बिल चुकलेलं. ‘अमुक हा तमुकच असतो’ एवढ्यावर एक्स्टेंड्स (एका क्लासवरून दुसरा काढायचा जावातला शब्द) लिहायचं नाही. तमुकच्या जागी अमुक ठेवल्यावर वापरणाऱ्याचं काही बिनसत नाही ना, ते बघायचं. हे मला कळलं तोवर मी असे चौरस बरेच पेरून ठेवले होते.

भाषण ऐकताना सगळं टिपत बसू नका. वक्ता कुठला शब्द नेहमीपेक्षा वेगळ्या अर्थाने वापरतोय, तेवढं लिहा. १९९८च्या ऊप्स्लात संगणकशास्त्रज्ञ गाय स्टील यांनी तर यातच गंमत केली होती. त्यांनी स्वतःवर अट घालून घेतली, की बोलायचं ते एकाच उच्चारावयवाच्या (सिलॅबलच्या) इंग्रजी शब्दांत, आणि मोठा शब्द हवा असेल तर आधी त्याची व्याख्या करायची. विषय होता भाषा वाढवायची कशी, आणि ते भाषण श्रोत्यांसमोर स्वतःच वाढत गेलं. जावात जेनेरिक्स (एकच क्लास वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीसाठी वापरायची सोय) यावीत असं त्यांनी त्यातच सुचवलं होतं. ती आली २००४ साली. तुम्ही रोज जे कोनदार कंस टाइप करता, ते हेच.

आता बोलायचं काय? नोंदणीच्या रांगेत शेजाऱ्याला विचारा, ‘तुमच्याकडचा सगळ्यात मोठा क्लास किती ओळींचा आहे?’ हवापाण्याच्या गप्पांपेक्षा हे केव्हाही बरं. हुशारातला हुशार माणूसही जरा ओशाळून हसतो आणि मग थांबत नाही. माझा आकडा चार हजारांच्या वर होता आणि क्लासच्या नावात अर्थातच ‘मॅनेजर’ होतं.

लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. खिशात दहा-बारा कोरी कार्डं ठेवा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरांनी १९८९च्या ऊप्स्लात क्लासेसची आखणी कार्डांवर करायची ही पद्धत मांडली. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याची कामं, उजवीकडे ज्या क्लासेसची मदत लागते त्यांची नावं. मधल्या सुट्टीत कोणी डिझाइन समजावू लागलं की कार्ड पुढे करा. कामं कार्डात मावेनाशी झाली की समोरचा आपोआप दुसरं कार्ड मागतो. माझ्या त्या ‘मॅनेजर’ची सात कार्डं झाली. सातवं एका अनोळखी बाईंनी लिहिलं.

आणि हो, बिल्ला उलटा फिरतो. दोन्ही बाजूंना नाव लिहा.

प्रश्न : फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा (फंक्शन्स एकमेकांना जोडून प्रोग्रॅम लिहायचा) जमाना आला, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड जुनं झालं म्हणतात. मग अशा कॉन्फरन्सला जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : जुनं तर आहेच. नॉर्वेतल्या डाल आणि न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेमध्ये क्लास होते, वारसाही (क्लासवरून क्लास काढणं) होता. जावात २०१४ साली लॅम्ब्डा (बिननावाची फंक्शन्स) आले म्हणून ते क्लास कुठे गेले नाहीत. माझ्या एकाच फाइलमध्ये दोन्ही सुखाने नांदतात. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते संगणकशास्त्रज्ञ ॲलन के स्वतःच पुढे म्हणाले, की ‘ऑब्जेक्ट’ हे नाव दिलं ते चुकलंच. लोक ऑब्जेक्टलाच धरून बसले, खरी कल्पना होती ती त्यांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची. नाव ठेवणाराच असं म्हणतो, तर वाद घालायला तुम्ही तिथे हवेत. जा, आणि पुढच्या रांगेत बसा. मागून प्रश्न विचारायला माइक पोचेपर्यंत वेळ संपते.