मुंबईत मार्चमध्ये पाऱ्याने चाळिशी पार करणं हे अलीकडचंच आहे का?

नाही, सांताक्रूझच्या वेधशाळेत मार्चमधला उच्चांक 41.7 अंशांचा आहे आणि तो 28 मार्च 1956 चा आहे. त्यानंतर 17 मार्च 2011 ला 41.3 आणि 25 मार्च 2018 ला 41 अंश नोंदले गेले. हे हवामान खात्याचे आकडे आहेत. पारा चढला की वर्तमानपत्रं तेच पुन्हा छापतात. मार्चमध्ये असं तापण्याचं कारण वाऱ्यात आहे. एरवी दुपारच्या आधीच समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा तिथेच अडतो. पण जमिनीकडून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोरात असले, की खारा वारा उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत शहर तापतं. ऐन वैशाखात मुंबई घामाने भिजते, पण असं भाजून सहसा निघत नाही, ते एरवी वेळेवर येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यामुळेच. मात्र कुलाबा आणि सांताक्रूझची तुलना करू नका. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्यात, तिथे अशा दिवशी पारा बराच खाली असतो. आणि जुना उच्चांक टिकून आहे म्हणजे शहर तापत नाहीये, असा अर्थ काढू नका. एका दिवसाचा उच्चांक वाऱ्यावर ठरतो, सरासरीचं गणित वेगळं.