समांतर आणि लंब रेषा: चढ न काढता समीकरण

तुमची रेषा ३क्ष − ४य + ७ = ० आणि बिंदू (२, −१); या बिंदूतून जाणारी, त्या रेषेला लंब आणि समांतर रेषा काढायची आहे. लंब रेषेचं तुमचं उत्तर ४क्ष − ३य = ११. बिंदू घालून पाहिला तर ८ + ३ = ११ येतं, मग चुकलं कुठे, असा तुमचा प्रश्न आहे.

बिंदू घातल्यावर फक्त एवढंच कळतं की रेषा त्या बिंदूतून जाते. अशा रेषा तर अगणित असतात. दिशा वेगळी तपासावी लागते. दोन्ही समीकरणांतल्या क्ष च्या सहगुणकांचा गुणाकार आणि य च्या सहगुणकांचा गुणाकार यांची बेरीज शून्य आली, तरच रेषा लंब. तुमच्याकडे ३×४ + (−४)×(−३) = २४ होतात. सहगुणकांची अदलाबदल तुम्ही केलीत, पण एकाचं चिन्ह बदलायचं राहिलं. ते बदला: ४क्ष + ३य = काहीतरी. हे 'काहीतरी' बिंदूच सांगतो: ४×२ + ३×(−१) = ५. म्हणून ४क्ष + ३य = ५.

समांतर रेषा तर त्याहून सोपी. डावीकडचं ३क्ष − ४य तसंच ठेवायचं, बिंदू घालायचा: ६ + ४ = १०. झालं, ३क्ष − ४य = १०.

हे का चालतं ते एकदा नीट बघाच, मग सूत्र पाठ करावं लागणार नाही. मूळ रेषेवर उजवीकडे ४ आणि वर ३ सरकलात, तर ३क्ष − ४य मध्ये १२ वाढतात आणि १२ कमी होतात, किंमत हलत नाही. म्हणजे रेषेची दिशा (४, ३). ती ९० अंशांत फिरवली की (३, −४) मिळते, आणि या दिशेने सरकताना न हलणारी राशी म्हणजे ४क्ष + ३य.

चढ काढून करायलाही काही हरकत नाही, ३/४ आणि −४/३ यांचा गुणाकार −१ येतोच. पण अपूर्णांकांत चिन्हं फार हरवतात. शिवाय क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, तिथे ती रीत अडते. सहगुणकांच्या रीतीला तिथेही अडचण नाही: (२, −१) मधून समांतर क्ष = २, लंब य = −१.

एक मात्र बघून घ्या. दिलेला बिंदू मूळ रेषेवरच असेल, उदाहरणार्थ (−१, १), तर 'समांतर' म्हणून तीच रेषा परत मिळेल. तेव्हा आकडेमोड पुन्हा करत बसू नका, वेगळी समांतर रेषा तिथे नाहीच.