मग काय म्हणाला होतात?

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. सभा आटोपल्यावर व्यासपीठावरून उतरता उतरता आमदारसाहेब शेजारच्याशी काहीतरी पुटपुटले, तुमच्या वाहिनीचा बूम माइक नेमका चालू होता, आणि आता डेस्कवर जो तो हेडफोन लावून ऐकतोय आणि जो तो वेगळंच सांगतोय. आऊटपुटला, म्हणजे बातम्या पडद्यावर सोडणाऱ्या विभागाला, ती क्लिप खाली शिवीसकट अक्षरं टाकून ‘ब्रेकिंग’ चालवायची घाई झालीय. तेवढ्यात पीएचा फोन: साहेब असं बोललेच नाहीत, तुम्ही चुकीचं ऐकलंत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे तुझ्या वाट्याला आलं, ते एका अर्थी बरंच झालं.

आधी त्या अक्षरांबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. अस्पष्ट आवाजाखाली एकदा वाक्य छापलं, की बघणारा ते वाक्य वाचतो आणि आपण ते ऐकलं असं त्याला वाटतं. मग शंभर वेळा ऐकलं तरी त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. यात लबाडी नाही, कानाची घडणच तशी आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवून दिलं, की आवाज ‘बा’चा लावला आणि पडद्यावर ओठ ‘गा’ म्हणणारे दाखवले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतं. ओठ वाचणाऱ्यांवर विसंबशील, तर आरशासमोर उभा राहून आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ म्हणून बघ. तिन्हीला ओठ सारखेच मिटतात.

दक्षिण कोरियात यावरून केवढं रामायण झालं ते ऐक. सप्टेंबर २०२२. अध्यक्ष युन सक-यॉल न्यूयॉर्कला होते. एड्स, क्षयरोग, मलेरिया यांच्याविरुद्ध काम करणाऱ्या ‘ग्लोबल फंड’ची निधी परिषद होती, तिथे बायडेन यांच्याशी त्यांची उभ्याउभ्या भेट झाली. बाहेर पडताना ते आपल्या माणसांशी चालता चालता काहीतरी बोलले आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. मागे गोंगाट, आवाज दबलेला. एमबीसी या वाहिनीने खाली अक्षरं टाकली. त्यांचा मतलब असा: (अमेरिकेच्या) संसदेतल्या या हरामखोरांनी मंजुरी दिली नाही, तर बायडेनची काय नाचक्की होईल! अमेरिकेने ६ अब्ज डॉलर कबूल केले होते आणि त्याला तिथल्या काँग्रेसची मंजुरी लागणार होती, तेव्हा अर्थ चपखल बसला. बघता बघता जगभर बोभाटा झाला.

पंधराएक तासांनी अध्यक्षांच्या कार्यालयातल्या प्रसिद्धीप्रमुख किम उन-हे पुढे आल्या. त्यांचं म्हणणं, पुन्हा एकदा ऐका. तो शब्द ‘बायडेन’ नाही, ‘नाल्लीम्यन’ आहे, म्हणजे ‘उडवून लावलं तर’. आणि संसद म्हणजे अमेरिकेची नव्हे, आपली. कोरियानेही १० कोटी डॉलर कबूल केले होते, त्यालाही मंजुरी हवी होती, आणि त्यांच्या संसदेत बहुमत विरोधकांचं होतं.

आता या खुलाशाकडे नीट बघ. तो खरा धरला, तर बड्या मित्रदेशाचा अपमान पुसला जातो आणि शिवी आपल्याच देशातल्या निवडून आलेल्या लोकांवर येऊन पडते. खुलासा करणाऱ्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. वॉशिंग्टन दुखावण्यापेक्षा विरोधक दुखावलेले परवडले, असा तो हिशेब असावा. स्वतः युन परत आल्यावर काय बोलले? खोट्या बातम्यांनी देशाच्या मैत्रीला धोका पोहोचतो, असं. शिवीबद्दल चकार शब्द नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या विमानातून एमबीसीच्या वार्ताहरांना वगळण्यात आलं. परराष्ट्र मंत्रालय कोर्टात गेलं. तो शब्द नक्की कोणता हे ठरवता येत नाही, असा अभिप्राय ध्वनितज्ज्ञाने दिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये सोलच्या खालच्या कोर्टाने वाहिनीला दुरुस्ती प्रसारित करायला सांगितलं. सरकारने वाहिनीशी जो आकस धरला तो निंद्यच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण डेस्कवाला म्हणून माझी नजर जाते ती त्या कंसावर. ‘अमेरिकेच्या’ हा शब्द युन यांच्या तोंडचा नव्हताच. कुणीतरी बघणाऱ्याच्या सोयीसाठी तो घातला आणि सरकारच्या हातात आयतं कोलीत दिलं. शिवीवरची चर्चा बाजूला राहिली, कंसावरची सुरू झाली.

म्हणून तुमची क्लिप चालवायची असेल, तर आधी अक्षरांशिवाय चालवा. आवाज वाढवा हवं तर, पण कापाकापी नको. ज्याला प्रकरण ठाऊक नाही अशा कुणाला तरी, कँटीनच्या पोऱ्याला का होईना, काही न सांगता ऐकवा आणि त्याला काय ऐकू आलं ते लिहून घ्या. शब्द नाहीच लागला, तर ‘अस्पष्ट’ लिहायला लाज कसली?

पण अक्षरं टाकायची नाहीत म्हणजे पीएच्या एका फोनवर बातमी गाडायची, असंही नाही. इथे खरं काम सुरू होतं. ‘चुकीचं ऐकलंत’ असं कुणी म्हटलं, की नव्वद टक्के पत्रकार क्लिप पुन्हा पुन्हा ऐकत बसतात. तू त्याऐवजी विचार: बरं, आमचं चुकलं, मग काय म्हणाला होतात?

उत्तरं फार मासलेवाईक येतात. लंडन, १९ डिसेंबर २०१८. पंतप्रधान थेरेसा मे बोलत असताना समोरच्या बाकावर विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांचे ओठ हलले. सत्ताधाऱ्यांनी गदारोळ केला: हे ‘मूर्ख बाई’ म्हणाले! कॉर्बिन म्हणाले, छे, मी ‘मूर्ख लोक’ म्हणालो, देशापुढच्या संकटाचा तमाशा मांडणाऱ्यांना. सभापती जॉन बर्को यांनी ओठ वाचणाऱ्यांचं मत मागवलं, आरोप करणाऱ्यांना तसं का वाटलं असेल ते समजू शकतं असंही सांगितलं, पण सदस्याचा शब्द मानायचा हा तिथला रिवाज, तो त्यांनी पाळला. (त्याच वर्षी मंत्री अँड्रिया लेडसम यांना उद्देशून तेच शब्द उच्चारल्याचा आरोप खुद्द बर्को यांच्यावर झाला होता, आणि लेडसमबाईंनी तो जुना हिशेब त्याच दिवशी सभागृहात काढला.) २०२३ च्या नोव्हेंबरात तिथलेच गृहमंत्री जेम्स क्लेव्हरली. स्टॉकटन नॉर्थचे खासदार अॅलेक्स कनिंगहॅम आपल्या भागातल्या मुलांच्या गरिबीबद्दल विचारत होते. तुमचा मतदारसंघ म्हणजे हागणदारी आहे, अशा अर्थाचं क्लेव्हरली बोलल्याचा आरोप झाला. आधी साफ इन्कार. मग खुलासा आला, की गावाला नाही, खासदाराला म्हणालो, तू भिकार खासदार आहेस. त्याबद्दल माफी.

ट्रम्प यांचं जानेवारी २०१८ चं प्रकरण तर कळस आहे. हैती आणि आफ्रिकेतल्या देशांबद्दल ओव्हल ऑफिसातल्या बैठकीत त्यांनी जो शब्द वापरल्याचं सिनेटर डर्बिन यांनी जाहीर सांगितलं, तो ट्रम्प यांच्याच पक्षाच्या दोन सिनेटरांनी आधी ‘आठवत नाही’ म्हटला, मग ठामपणे नाकारला. पुढे वॉशिंग्टनच्या पत्रकारांनी शोधून काढलं, की या दोघांना म्हणे शब्दाचा शेवट वेगळा ऐकू आला होता. आपल्या भाषेत सांगायचं, तर हागणदारी नव्हे, संडास.

शिवी कुणी नाकारत नाही, तिचा पत्ता तेवढा बदलतात. बाईऐवजी लोक, गावाऐवजी खासदार, परक्याऐवजी घरचे. कोणता पत्ता निवडला, यावरून साहेब कुणाला घाबरतात आणि कुणाला नाही हे समजतं. माझ्या लेखी बातमी ती आहे.

तेव्हा त्यांच्याकडून पूर्ण वाक्य घे. ‘तसं नाही म्हणालो’ एवढ्यावर सोडू नकोस. मिळालेलं वाक्य त्याच वेगात म्हणून क्लिपशी ताडून बघ. तीन अक्षरांच्या जागी नऊ अक्षरं बसत असतील तर ते ऐकणाऱ्याला ऐकू येईलच, तुला टिप्पणी करावी लागणार नाही. १९७१ साली कॅनडात पंतप्रधान पिअर त्रूदो यांनी विरोधकांकडे बघून ओठ हलवले. काय म्हणालात असं पत्रकारांनी टोकलं, तर ‘फडल डडल’ की असंच काहीतरी, असं उत्तर दिलं. ते इतकं हास्यास्पद होतं की लोकांनी त्याचे टी-शर्ट काढले.

एक मात्र ध्यानात ठेव. ‘चुकीचं ऐकलं’ म्हणणारा दर वेळी खोटाच असतो, असं धरून चालू नकोस, आणि आरोप करणारा खराच असतो असंही नाही. २०१२ मध्ये लंडनला, पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकावर, सायकलवरून निघालेल्या सत्ताधारी पक्षाच्या मुख्य प्रतोद अँड्रू मिचेल यांनी पोलिसांना तुच्छतेने ‘प्लेब’, म्हणजे हलक्या लोकांनो, असं म्हटल्याचा आरोप झाला. अपशब्द वापरला हे त्यांनी मान्य केलं, ‘प्लेब’ मात्र म्हणालोच नाही असं शेवटपर्यंत सांगितलं. पद गेलं. नंतर निघालं काय, तर प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहून देणारा एक पोलीस त्या वेळी तिथे नव्हताच. त्याला १२ महिन्यांची कैद झाली. सगळ्यांना वाटलं, मिचेल सुटले. पण त्यांनीच लावलेल्या बदनामीच्या दाव्यात २०१४ साली न्यायाधीशांनी निकाल दिला, की तो किंवा अगदी तसाच शब्द ते बोलले असण्याचीच शक्यता अधिक. फाटकावरच्या पोलिसाने त्याच रात्री वरिष्ठांना लिहून कळवलं होतं, आणि एवढं उभ्याउभ्या रचण्याइतकी कल्पनाशक्ती या पोलिसाजवळ नाही, असंही न्यायाधीश म्हणाले. बिचाऱ्याला ही पावती कशी वाटली असेल कोण जाणे. तू मात्र सभेतून निघाल्याबरोबर वहीत तारीख-वेळ टाकून लिहीत जा.

आपल्याकडे ‘चुकीचं ऐकलं’ म्हणायची वेळ त्या मानाने कमी येते, कारण आपली मुक्ताफळं माइकसमोर खणखणीत आवाजात उधळली जातात. म्हणून आपला ठेवणीतला शब्द ‘विपर्यास’. पत्रकारांनी ध चा मा केला म्हणतात, पण मूळचा ‘ध’ कोणता ते सांगत नाहीत. २०१३ च्या दुष्काळात इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवार धरणातल्या पाण्याबद्दल जे बोलले ते स्पष्ट रेकॉर्ड झालेलं होतं. तिथे कानाला दोष देण्याची सोय नव्हती. माफी मागावी लागली आणि कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश करत बसावं लागलं.

तुझी क्लिप सभेतली आहे म्हणून निभावलं. विधानसभेतली असती, तर अध्यक्षांनी तो शब्द कामकाजातून काढलाय का हे आधी बघावं लागलं असतं. काढलेला मजकूर छापला तर हक्कभंग ओढवतो. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाच्या संपादकांनी यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली होती, पण कोर्टाने सभागृहाची बाजू उचलून धरली.

आता फोन उचल. पीएला नको, थेट आमदारांना लाव. रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांग, प्रश्न एकदाच विचार आणि गप्प बस. ते चिडतील, तुझ्या मालकाचं नाव काढतील, काढू देत. वाक्य मिळालं तर ते शब्दशः क्लिपच्या शेजारी लाव. नाहीच मिळालं, तर विचारलं होतं आणि सांगितलं नाही, एवढंच लिही. आऊटपुटवाले कुरकुरले तर माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
एक जुना डेस्कवाला

ता. क. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड आजच काढून ठेव आणि त्यावर दुसरं काही शूट होऊ देऊ नकोस. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फाइलवर भरवसा नको, तिथे आवाज दाबला जातो. मला पाठवलीस तीही तशीच आहे, म्हणून मला काय ऐकू आलं ते मी तुला सांगत नाही.