बांगड्याचा वाटा

प्रिय मनू,

हे पत्र आई तुला वाचून दाखवेल. जोडाक्षरांना तू अजून अडखळतेस, आणि फोनवर मला हे बोलता येणार नाही. फोनवर तू ‘ओके बाबा’ म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो.

तुम्हा दोघींना गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर सोडून आलो त्याला आज नऊ दिवस झाले. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, म्हणून ती ओटीवर बसून माझ्याकडून कामं करून घेते. आज सकाळी म्हणाली, खोबरेलाची बाटली उन्हात ठेव. बघतो तर तेल पांढरंशुभ्र गोठलेलं. साधारण 24 अंशांच्या खाली खोबरेल गोठतं हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं की बाटली गोठली म्हणजे थंडी आली. मग आजी ती न्हाणीतल्या चुलीजवळ ठेवायची. पाणी तापवायला नारळाची सोडणं पेटवलेली असायची, त्यांच्या धगीने तेल आधी कडेने सुटायचं आणि मधला पांढरा गोळा बाटलीत हलायला लागायचा. तो पूर्ण विरघळायची वाट न बघता आजी माडाच्या झावळीचा हीर घालून ढोसायची आणि निघेल तेवढं माझ्या डोक्यावर थापायची. आपल्या ओटावातल्या घरात ती बाटली जवळजवळ वर्षभर गोठलेलीच असते. तुझी थंडी उणे 25 ची. गोठलेल्या तेलात तुला ती कशी दिसणार?

पण मी लिहायला बसलो ते तुझ्या प्रश्नासाठी. निघायच्या आदल्या दिवशी समुद्रावरून परत येताना तू विचारलंस, ‘बाबा, तुला लहानपणी कुणी फिरायला नेतच नव्हतं का? म्हणून तुला माहीत नाही का, मुलांना फिरायला कसं न्यायचं ते?’ आजी पुढे चालत होती. ती मागे न वळता म्हणाली, ‘खंय व्हरतलंव गो बाय, कामां कोणी केली असती?’ म्हणजे, कुठे नेणार, कामं कोणी केली असती? मी काहीच बोललो नाही. तुझ्यावर ओरडून झालं होतं आणि गळ्यात काहीतरी अडकलं होतं.

तुझी तक्रार खरी होती. पंधरा दिवसांत आपण किती घरं केली! भाऊकाका, मोठी आत्या, शिरोड्याची मावशीआजी, आबांचे जुने शेजारी. प्रत्येक ओटीवर तोच चहा, आणि तुझ्याकडे बघून तोच प्रश्न, ‘ह्यां चेडू कोणाचां गो?’, ही मुलगी कोणाची? तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, माझं नाव कुणी विचारतच नाही. तुला तारकर्लीला पाण्याखालचे मासे बघायला जायचं होतं. ते दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. एकदा भाऊकाकांकडची पूजा आली, एकदा आत्याने आपल्यासाठी वडे-सागोती केली होती म्हणून. सगळ्या सुट्टीत तुला मनापासून आवडलं ते एकच, आरवलीच्या वेतोबाच्या देवळातल्या त्या भल्यामोठ्या चपला. रात्री देव गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नव्या आणून वाहतात, हे ऐकल्यावर तू वाकून तळवे बघितलेस झिजलेत का ते.

निघायच्या त्या आदल्या दिवशी मी तुला पहाटे उठवून रापणीवर नेलं. तुला हे आवडेलच अशी माझी खात्री होती. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून किनाऱ्याला लागली, दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागली, दोन रांगा ओढत ओढत एकमेकींजवळ यायला लागल्या. तू माझ्या पुढे दोर धरलास. कुरव पक्ष्यांचे थवे जाळ्यावर घिरट्या घालत होते आणि तू दोर सोडून त्यांच्याकडे बघत होतीस, ते मी बघितलं. तासाभराने जाळं वाळूवर आलं. पेडवे, तारले, थोडे बांगडे. दोराला हात लावला त्याला वाटा, ही इथली रीत, मग तो पावणा असो नाहीतर सहा वर्षांचं पोर. रापणीवरच्या काकांनी तुझ्या ओंजळीत एक जिवंत बांगडा ठेवला. हिरवट-निळी पाठ, तिच्यावर काळसर रेघा. तू तो दोन्ही हातांत धरून धावत गेलीस आणि पाण्यात सोडून आलीस.

माणसं हसली, पण वाईट हसली नाहीत. ओरडलो तो मी. ‘तो आपला वाटा होता! असा टाकायचा नसतो!’ तू रडलीस. रडता रडता विचारलंस, तो जगेल का? मी त्याचंही उत्तर दिलं नाही.

मला एवढा राग कशाचा आला, याचा नऊ दिवस विचार करतोय.

मी सात वर्षांचा असताना आबा मला पहिल्यांदा रापणीवर घेऊन गेले. तू आबांना फोटोतच पाहिलंयस. ते एसटीत कंडक्टर होते. आठवड्याचे सहा दिवस लाल गाडीत उभं राहून तिकिटं फाडायची, दर दोन दिवसांनी मुक्कामाची गाडी. सुट्टीच्या दिवशी त्यांना गाडीचं नावही नको असायचं. पहाटे उठून ते समुद्रावर जायचे, ते मासळीसाठी. त्या दिवशी मी जागा होतो म्हणून म्हणाले, चल. एवढंच. वाळू इतकी गार होती की मी टाचांवर चालत होतो. रापण ओढायला माणसं कमी होती, आबा लुंगी खोचून दोराला लागले आणि त्यांच्यामागे मी लागलो. माझ्याने काही ओढलं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण तळहाताला फोड आले, आणि शेवटी एका म्हाताऱ्याने चार बांगडे मोजून, माडाच्या हिरात कल्ल्यांतून ओवून ती माळ माझ्या हातात दिली. आबांच्या नाही, माझ्या हातात. घरापर्यंत आबांनी ती मागितली नाही. मी दमलो, माळ या हातातून त्या हातात करत होतो, माशांच्या शेपट्या पोटरीला लागत होत्या, तरी त्यांनी मागितली नाही. आजीने तिरफळं घालून तिखलं केलं. पानात वाढताना तीही काही बोलली नाही, पण सगळ्यात मोठा तुकडा माझ्या पानात होता.

मनू, तू सोडलेला बांगडा मला त्या माळेतला दिसला. तुला तो जीव दिसला. आपण दोघं एकाच माशाकडे बघत नव्हतो.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर: नाही, आम्हाला कुणी फिरायला नेत नसे. ‘फिरायला जाणं’ हा शब्दच आमच्या घरात चाकरमान्यांसाठी होता. मुंबईहून लोक यायचे आणि फिरायला जायचे. आम्ही जायचो ते कशासाठी तरी. दळण आणायला, कुणाकडे लग्न ठरलं म्हणून, कुणी गेलं म्हणून, वायंगणाच्या भाताला पाणी लावायला. सिंधुदुर्ग किल्ला इथून दोन-अडीच तासांवर. महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला, चुन्यातला त्यांच्या हाताचा ठसा दाखवतात तो. मी तो पहिल्यांदा पाहिला सातवीत, शाळेच्या सहलीतून. आजीने पाहिला तो आपल्याबरोबर, चार वर्षांपूर्वी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. आबांनी मालवणच्या किती फेऱ्या केल्या असतील, पण होडीत बसून किल्ल्यात ते कधीच गेले नाहीत. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

थंडीत आम्ही सगळे मिळून जायचो ती फक्त जत्रेला. भाताची कामं उरकलेली, दव पडायला लागलेलं. जेवून निघायचं, बॅटरीच्या उजेडात मळ्यातून चालायचं. पुढे आबा, मधे आम्ही मुलं, मागे डोक्यावर चटई आणि काखेत गोधडी घेतलेली आजी. देवळापुढे पेट्रोमॅक्सचा वास, खाज्याची दुकानं. आल्याच्या गुळात घोळवलेल्या त्या बेसनाच्या काड्या आत्याने तुला दिल्या तेव्हा तुला तिखट लागल्या. मला त्या कागदाच्या पुडीतून, बोटं चिकट झालेली असताना, अर्धवट झोपेतच खायला हव्यात. मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार सुरू व्हायचा. काळा संकासुर आला की मी गोधडीत तोंड खुपसायचो. मग राजा यायचा, त्याचे संवाद कुठे लिहिलेले नसतात, ती माणसं उभ्या उभ्या रचतात. पेटी आणि पखवाज ऐकत कधी झोप लागायची ते कळायचं नाही. मधेच जाग आली की वर चांदणं, गार जमीन आणि अंगाला लागलेले दहा-बारा जण. कुणाचा हात, कुणाचा पाय. पहाटे दहीकाला झाला की आजी हलवून उठवायची आणि आम्ही धुक्यातून घरी यायचो.

इतकी उबदार झोप मला नंतर कुठे लागलेली नाही. तुला मी त्यातलं काय देऊ शकतो, हे मला कळत नाही.

आणि तरी सगळंच काही तसं नव्हतं, तेही सांगतो. आजीने उभ्या आयुष्यात एकही नाटक सबंध पाहिलं नाही. काल मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, मधेच उठून घरी यायला लागायचं, गाईची धार कोण काढणार? मला हे माहीतच नव्हतं. मी झोपलेला असायचो, आणि उठवायला ती परत आलेली असायची. म्हणजे एकाच रात्रीत ती वाट तीनदा तुडवायची, आणि चौथ्यांदा आमच्याबरोबर. मोठी आत्या बारा-तेरा वर्षांची झाली आणि रापणीवर यायची बंद झाली. आता मोठी झालीस, एवढंच तिला सांगितलं. त्याच वर्षी ती जत्रेलाही आली नाही. का ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते तुला आई कधीतरी सांगेल. तू दहाची आहेस. आत्याच्या घरी ती तुझ्या केसांत अबोलीची वेणी माळत होती तेव्हा मला हे सारखं आठवत होतं.

मलाही कुणी कधी विचारलं नाही, तुला यायचंय का म्हणून. संकासुराची भीती वाटते हे सांगायची सोय नव्हती. तुला आम्ही सगळं विचारतो. कुठे जायचं, काय खायचं, कंटाळा आला का. कधी वाटतं की फार विचारतो. मग तो गोधडीत तोंड खुपसलेला मुलगा आठवतो आणि वाटतं, असू दे, विचारलेलं बरं.

ओटावातल्या गोठलेल्या रिडो कालव्यावरचं स्केटिंग मी तुझ्याबरोबर शिकलो. तू चार वर्षांची, मी छत्तीसचा. पहिल्या दिवशी तो 7.8 किलोमीटरचा बर्फ बघून मी आईला विचारलं होतं, इथून कुठे जायचं असतं? ती म्हणाली, कुठे नाही, नुसतं जायचं आणि परत यायचं. मला ते पटायला दोन हिवाळे लागले. शनिवारची सकाळ, कसलंही काम नाही, आणि बाप मुलीचा हात धरून नुसता जातोय. कुणीतरी बघेल असं वाटायचं. 2023 मध्ये बर्फ पुरेसा धरला नाही आणि तिथलं स्केटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच कालवा अख्खा हिवाळा उघडला नाही. तू रोज खिडकीशी उभी राहायचीस. तेव्हा तुझ्याइतकंच मलाही वाईट वाटलं, तुला सांगितलं नव्हतं. आबांना तिथे एकदा न्यायला हवं होतं. त्यांना स्केट्स घालता आले नसते, पण काठाने हात मागे बांधून चालले असते, कुठेही जायचं नसताना.

पुढच्या वेळी तारकर्लीला जाऊ. पहिल्याच आठवड्यात जाऊ, घरं नंतर करू. घरं मात्र करायची, मनू. सगळी नाही, तू म्हणशील ती. मावशीआजीकडे मात्र यायचंच, तिचं वय झालंय. बघ, सुचवतोय म्हणता म्हणता पुन्हा ठरवायला लागलो. तुझं नाव विचारत नाहीत याचं मी भाऊकाकांना सांगितलं. ते म्हणाले, नाव विचारून काय करायचं, कोणाची आहे ते कळलं की पोर जेवल्याशिवाय जात नाही. मला हे उत्तर लहानपणापासून पुरलेलं आहे. तुला पुरायला हवं असं नाही. तू त्यांना तुझं नाव सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

15 तारखेचं तिकीट आहे. कालवा उघडला असेल तर पहिल्या शनिवारी जाऊ. आईला सांग, माझ्या स्केट्सना धार लावून ठेवायला. आणि तुझ्यावर ओरडलो त्याबद्दल सॉरी. तुझा वाटा होता, त्याचं काय करायचं ते तूच ठरवायचं होतंस.

काल पहाटे मी एकटाच रापणीवर गेलो होतो. ते काका होते, त्यांनी तुझी आठवण काढली. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी मुलीने सोडला तो बांगडा जगला असेल का? दोर गुंडाळत ते म्हणाले, ‘पाण्यात सोडल्यार शेपटी हालयल्यान काय?’ मी म्हटलं, मी बघितलं नाही, तिला ओरडत होतो.

तू बघितलं असशील. फोनवर सांग, मी उद्या त्यांना सांगायला जातो.

तुझा,
बाबा