एल्कच्या शिंगाचे पेन का तडकते?

प्रश्न : मी अमेरिकेत वायोमिंग राज्यात राहतो आणि हौसेने लेथवर पेन कातून तयार करतो. गेल्या शरद ऋतूत एका शिकारी मित्राने एल्क या मोठ्या हरणाचे ताजे शिंग दिले. पंधरवड्याने त्याचे केलेले पेन महिन्याभरात उभे तडकले. दुसरा तुकडा लवकर वाळावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवला, तर घरभर जळक्या केसांसारखा वास सुटला आणि तोही फुटला. शिंग किती दिवस वाळवावे? थोडे तुकडे पुण्यातील भावाला पाठवता येतील का?

उत्तर : गाईचे शिंग म्हणजे नखासारख्या द्रव्याचे कवच असते, एल्कचे शिंग मात्र सबंध हाडाचे असून दरवर्षी गळते आणि नव्याने वाढते. त्याची बाहेरची भिंत घट्ट आणि आतला गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. मार्च-एप्रिलमध्ये आपोआप गळलेले शिंग बरेचसे कोरडे असते, पण शिकारीतून आलेल्या शिंगाच्या गाभ्यात ओल राहते. अशा शिंगाला भोक पाडून त्यात पेनाची आतली पितळी नळी चिकटवली की पुढे शिंग आकसते, नळी आकसत नाही, आणि तो ताण सहन न होऊन पेन उभे चिरते. ओव्हनमध्ये बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी सुकतो, म्हणून तेथेही तेच घडले.

दिवसांचा हिशेब सोडून वजनाचा धरावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शिंग अखंड न ठेवता नळीपेक्षा थोडे लांब तुकडे कापावेत, म्हणजे ओलीला दोन्ही टोकांनी वाट मिळते. ते सावलीत, हवा खेळती राहील अशा जाळीवर ठेवावेत. प्रत्येकावर क्रमांक घालून दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन लिहावे आणि लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, तरच तुकडा लेथवर चढवावा. जाड बुंध्याला कित्येक महिने लागू शकतात, ते द्यावेत.

पेनासाठी शक्यतो सरळ भाग निवडावा. भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवून वारंवार बाहेर काढावे, कारण तापल्यानेही शिंग तडकते. उघड्या पडलेल्या छिद्रांत पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (सुपरग्लू) मुरवावा, मात्र तुकडा पुरता वाळल्यावरच. ओलसर जागी हा गोंद खोल जिरण्याआधीच घट्ट होतो. हाडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असल्याने साध्या कापडी रुमालावर न भागवता धूळरोधक मास्क वापरावा.

भावाला तुकडे पाठवू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे भारतात चितळ-सांबराचे शिंग, अगदी जंगलात गळून पडलेलेही, परवानगीविना बाळगता येत नाही आणि कापलेला तुकडा सांबराचा नसून एल्कचा आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. भावाला लेथची आवड असेल, तर बाभूळ किंवा शिसवीचा वाळलेला तुकडा त्याला पुण्यातच मिळेल.