मेंटेनन्स थांबवलात तर निवडणूकही हातची जाईल

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला आमची तीन विंगची सोसायटी आहे. 84 सदनिका, 1992 चं बांधकाम. सी विंगची गच्ची कित्येक पावसाळे गळते आहे. वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत ओल असते आणि गेल्या ऑगस्टमध्ये एका आजींच्या स्वयंपाकघरात स्लॅबचं प्लॅस्टर थेट ओट्यावर कोसळलं. कमिटी म्हणते, सी विंगची गच्ची सी विंगने करून घ्यावी, आणि रिडेव्हलपमेंट येतंच आहे तर खर्च कशाला? आवारातली ड्रेनेज लाईनही सारखी चोकअप होते. शेवटी आम्ही 31 कुटुंबांनी रहिवासी संघ काढला, सोसायटीचा मेंटेनन्स बंद केला आणि तेवढीच रक्कम दरमहा संघात जमा करू लागलो. बँक खातं माझ्या आणि आणखी एका रहिवाशाच्या नावावर आहे. त्यातून ड्रेनेज साफ करून घेतलं, गच्चीवर तात्पुरतं वॉटरप्रूफिंग केलं. आता कमिटीने आम्हाला व्याजासह थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या आहेत, पाणी तोडण्याचीही धमकी आहे. कमिटीची मुदत पाच महिन्यांत संपते. आमचं चुकलं का? आता काय करावं?

उत्तर : दुरुस्तीच्या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे. मेंटेनन्स थांबवण्याच्या मुद्द्यावर तुमच्या बाजूने कायद्यात काहीच नाही. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यामुळे तुमचं बळ तुमच्याच विरोधात जातं आहे. त्या आधी सोडवूया.

मेंटेनन्स भरणं आणि इमारतीची दुरुस्ती करणं ही कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र कर्तव्यं आहेत. पहिलं सभासदाचं, दुसरं सोसायटीचं. सोसायटीने तिचं कर्तव्य केलं नाही म्हणून सभासदाचं संपत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब घातलं गेलं. पूर्वी कलम 101 खाली होणारी थकबाकीची वसुली तेव्हापासून कलम 154ब-29 खाली होते. सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करते, हिशोबाचा उतारा जोडते, तुम्हाला नोटीस येते, सुनावणी होते आणि वसुली दाखला निघतो. एकदा तो निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, अगदी जप्तीपर्यंत. त्या सुनावणीत तुम्ही गळक्या स्लॅबचे फोटो कितीही दाखवा, अधिकारी एवढंच पाहतात की बिलं नियमाप्रमाणे आहेत का आणि भरली आहेत का. तिथे हरकत घ्यायची तर हिशोबावर घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, व्याज सरळ असतं आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर वर्षाला 21 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. व्याजावर व्याज लावलं असेल किंवा सभेच्या ठरावाशिवाय एखादी रक्कम बिलात घुसवली असेल, तर ती जरूर काढून टाकायला लावा.

यापेक्षाही गंभीर एक परिणाम तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. सहकार कायद्याप्रमाणे संस्थेचा थकबाकीदार व्यवस्थापक समितीवर निवडून जाऊ शकत नाही. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत देणं चुकतं केलं नाही, तर गृहनिर्माण संस्थेचा सभासद थकबाकीदार ठरतो. कमिटीची मुदत पाच महिन्यांत संपते आहे आणि तुमच्या नोटिसांचे तीन महिने आताच चालू झाले आहेत. म्हणजे ज्या 31 घरांना ही कमिटी नको आहे, नेमक्या त्याच 31 घरांतल्या एकालाही उमेदवारी अर्ज भरता येणार नाही. अर्ज आलेच नाहीत की जुनीच माणसं पुन्हा खुर्चीवर बसतात. असं झालेलं मी अनेक सोसायट्यांत पाहिलं आहे आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण या लोकांची मूळ तक्रार शंभर टक्के खरी असते.

म्हणून या महिन्यातच प्रत्येक कुटुंबाने आपली थकबाकी सोसायटीच्या खात्यात भरावी. रोख नको, चेकने किंवा बँकेतून थेट. सोबत प्रत्येकाचं स्वतंत्र पत्र असावं : "ही रक्कम आम्ही हक्क अबाधित ठेवून, निषेध नोंदवून भरत आहोत. गच्ची व ड्रेनेज दुरुस्तीबाबतची आमची मागणी कायम आहे. व्याजाच्या आकारणीस आमची हरकत आहे." पत्राच्या प्रतीवर सेक्रेटरींची सही, तारीख आणि सोसायटीचा शिक्का घ्या. सेक्रेटरी पत्र घ्यायला नकार देतात, हा नेहमीचा अनुभव. तसं झालं तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, पावती जपून ठेवा आणि सोसायटीच्या ईमेलवरही टाका.

आता तुमच्या संघाच्या खात्याबद्दल. हे मी तुम्हाला एकट्याला बाजूला बसवून सांगितलं असतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. सोसायटी नोंदलेली असताना तिच्या ऐवजी दुसऱ्या कुणाला मेंटेनन्स गोळा करण्याचा अधिकार नाही. तुमचा संघ उद्या नोंदवून घेतलात तरीही नाही. आज ते खातं म्हणजे तुमच्या आणि त्या दुसऱ्या गृहस्थांच्या हातात असलेले 31 कुटुंबांचे पैसे आहेत. उद्या त्यातल्या एकाने हिशोब मागितला, एखादं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने रक्कम परत मागितली, तर उत्तर द्यायला तुम्ही दोघंच उभे असाल. तेव्हा जमा किती, खर्च किती, शिल्लक किती हा हिशोब बिलांसह सगळ्यांना लेखी द्या, प्रत्येकाचा शिल्लक वाटा परत करा म्हणजे तो त्याच्या थकबाकीत भरता येईल, आणि खातं बंद करा. संघ मात्र जरूर ठेवा, त्याचा फार उपयोग आहे. पैसे गोळा करणारी संस्था म्हणून नाही, तर सभासदांचा एकजुटीचा गट म्हणून.

ड्रेनेज आणि वॉटरप्रूफिंगवर झालेला खर्च मेंटेनन्समधून वळता करून घेता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. परस्पर वळता करता येणार नाही. सर्वसाधारण सभेने त्या खर्चाला मंजुरी दिली तर सोसायटी तो परत देऊ शकते. सभेने नाकारला तर सहकार न्यायालयात मागावा लागेल, आणि आधी मंजुरी न घेता केलेला खर्च पूर्ण परत मिळेलच असं आश्वासन मी देणार नाही. ठेकेदाराची बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, आणि त्याआधी तुम्ही कमिटीला दिलेले तक्रारअर्ज यांच्यावर सगळं अवलंबून राहील.

गच्चीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत काढा आणि मालमत्तेच्या दुरुस्तीबद्दलचा उपविधी वाचा. आवृत्तीप्रमाणे क्रमांक थोडा मागेपुढे असतो, मजकूर तोच. सोसायटीने स्वखर्चाने करायच्या कामांची मोठी यादी तिथे आहे : अंतर्गत रस्ते, कुंपणभिंत, बाहेरच्या पाण्याच्या लाईनी, टाक्या, पंप, ड्रेनेज लाईन, जिना, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, गच्ची आणि तिचे कठडे, पावसाच्या पाण्याने होणारी गळती. त्यातच अगदी स्पष्ट लिहिलं आहे की गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घरांचं छत आणि त्याचं प्लॅस्टर खराब झालं तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचं. म्हणजे त्या आजींच्या स्वयंपाकघरातल्या छताचं प्लॅस्टरही सोसायटीच्या खर्चात येतं. "सोसायटी" म्हणजे तिन्ही विंग. नोंदणी एक, दुरुस्ती निधी एक, सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) एक. सी विंगच्या गच्चीचा खर्च सी विंगवर टाकता येत नाही, तसाच उद्या ए विंगच्या लिफ्टचा प्रश्न आला तर तुम्हालाही हात वर करता येणार नाहीत.

मात्र एक खात्री आधी करून घ्या. चार घरांतली सगळी ओल गच्चीचीच आहे ना? एखाद्या भिंतीवर बारा महिने ओल असेल, उन्हाळ्यातही पोपडे निघत असतील, तर ते पाणी पावसाचं नसून घरातल्याच संडास-बाथरूमच्या नळांचं असू शकतं. घराच्या आतली अशी दुरुस्ती ज्याच्या त्याच्या खर्चाने होते. कमिटी नेमका याच फटीत बोट घालते. सोसायटीच्या प्लंबरच्या शब्दावर राहू नका, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. त्याची फी 31 घरांत वाटली तर जड जाणार नाही.

इमारत 1992 ची, म्हणजे तीस वर्षं उलटून गेलेली. तुमच्या महापालिकेला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेऊन स्थैर्याचा दाखला महापालिकेला द्यावा लागतो, आणि पुढे दर दहा वर्षांनी. आदर्श उपविधी तर तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगतात. हे झालं आहे का, अहवाल कुठे आहे, असं कमिटीला लेखी विचारा. प्लॅस्टर पडून सळ्या उघड्या दिसत असतील तर प्रभाग कार्यालयातही अर्ज द्या. पण अर्ज देण्याआधी 31 जणांना एक गोष्ट नीट समजावून सांगा : पालिकेच्या पाहणीत इमारत सी-1 वर्गात, म्हणजे अतिधोकादायक ठरली, तर घरं रिकामी करायची नोटीस येते. खरा धोका असेल तर माणसांचा जीव मोठा, त्यात दुमत नाही. पण नोटीस आल्यावर एकमेकांना दोष देण्याची वेळ येऊ नये.

"रिडेव्हलपमेंट येतंय" या वाक्याला, सर्वसाधारण सभेचा ठराव नसेल तर, कायद्यात काहीही किंमत नाही. शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांत पुनर्विकासाची पूर्ण प्रक्रिया दिली आहे : विशेष सभा, वास्तुविशारद किंवा सल्लागाराची नेमणूक, निविदा, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड. यातलं एकही पाऊल उचललेलं नसताना गच्ची गळत ठेवण्याचा अधिकार कुणालाच मिळत नाही. आणि प्रक्रिया सुरू झाली तरी घरं रिकामी होईपर्यंत दोन-तीन पावसाळे सहज जातात.

पुढचं पाऊल विशेष सर्वसाधारण सभेचं. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 76 प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला एका महिन्यात सभा बोलवावीच लागते. तुमच्याकडे 84 चे एक पंचमांश म्हणजे 17, आणि तुम्ही 31 आहात. मागणीपत्रात विषय मोघम लिहू नका. "इमारतीच्या समस्यांवर चर्चा" असं लिहिलंत तर चहा पिऊन सगळे घरी जातील. लिहा : सी विंग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी व आवारातील ड्रेनेज लाईन बदलण्यासाठी इंजिनीअर नेमणे, अंदाजपत्रक व निविदा मागवणे, दुरुस्ती निधीतून आणि गरज पडल्यास वास्तुविशारदाच्या दाखल्याने सिंकिंग फंडातून खर्चास मंजुरी देणे, कामाची मुदत ठरवणे. महिन्यात सभा बोलावली नाही तर उपनिबंधकांकडे जा, ते सभा बोलावू शकतात किंवा त्यासाठी कुणाला प्राधिकृत करू शकतात. इथे त्यांचा खरा उपयोग आहे.

या सभेचा एक धोका लक्षात ठेवा. एरवी गणपूर्ती, म्हणजे किमान आवश्यक हजेरी, झाली नाही की सभा तहकूब होते आणि पुढे भरते. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेत अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर ती रद्दच होते. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी कमी असेल ती. तेव्हा तुमची माणसं वेळेवर, आणि ज्याचं नाव भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिलं तोच हजर. दुसऱ्याच्या वतीने प्रॉक्सी मत चालत नाही.

सभेतही काम नामंजूर झालं, किंवा मंजूर होऊन कमिटीने ते लांबवलं, तर सहकार न्यायालय. गळती आणि दुरुस्तीचे वाद कलम 91 खाली तिथेच चालतात. अनेक जण वर्षानुवर्षं उपनिबंधकांकडे हेलपाटे घालतात आणि शेवटी "हा विषय आमच्या अखत्यारीत नाही" असं उत्तर घेऊन परततात. पावसाळा तोंडावर असेल तर दाव्यासोबतच तातडीच्या अंतरिम आदेशाचा अर्ज करायचा.

पाणी तोडण्याच्या धमकीला घाबरू नका. थकबाकीसाठी पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाही, वसुलीचा मार्ग वर सांगितलेलाच आहे. ती धमकी असलेली नोटीस मात्र फाडून टाकू नका. इंजिनीअरचा अहवाल, तारखेसह फोटो, पोच घेतलेली पत्रं, गेल्या तीन वार्षिक सभांचे इतिवृत्त, ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल यांच्यासोबत तीही वकिलाकडे न्यायच्या फाईलमध्ये लावा. लेखापरीक्षकांनी दोष दाखवले असतील तर कमिटीने नमुना 'ओ' मध्ये दोषदुरुस्ती अहवाल दिला का, तेही तपासा. दिला नसेल तर त्याची वेगळी तक्रार उपनिबंधकांकडे करता येते.